साने गुरुजी : खानदेशात घडलेला लेखक आणि सत्याग्रही

‘श्यामची आई’ वाचून डोळे पुसले नाहीत असं मराठी घर शोधावं लागेल. पण हे पुस्तक लिहिणाऱ्या साने गुरुजींनी मंदिरप्रवेशासाठी प्राण पणाला लावले होते, हे किती जणांना आठवतं?

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातल्या पालगडचा. त्यांचं कार्यक्षेत्र मात्र खानदेश ठरलं. १९२४ मध्ये ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. अमळनेर आज जळगाव जिल्ह्यात येतं. तिथल्या वसतिगृहाचं कामही त्यांनी पाहिलं, मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढलं. ‘सर’चे ते ‘गुरुजी’ झाले ते इथेच.

तुरुंगात लिहिलेली पुस्तकं

१९३० मध्ये नोकरी सोडून ते सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उतरले आणि तुरुंगात गेले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत. ती प्रवचनं गुरुजींनी लिहून घेतली, म्हणून आज ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आहे. पुढे फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढली.

सुटकेनंतरही ते स्वस्थ बसले नाहीत. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन झालं. त्यासाठी गुरुजींनी गावोगाव प्रचार केला. शेतकरी आणि कामगारांच्या लढ्यांतही ते पुढे होते.

पंढरपूरचं उपोषण

विठ्ठल सगळ्यांचा, मग त्याच्या मंदिरात अस्पृश्य मानलेल्यांना बंदी का? हा प्रश्न घेऊन गुरुजी महाराष्ट्रभर फिरले. १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण सुरू केलं. गांधीजींनी ते थांबवायला सांगितलं. गांधीजींना मानणाऱ्या गुरुजींनी इथे मात्र आपल्या विवेकाचं ऐकलं. मंदिर खुलं करण्याचं मान्य झाल्यावर उपोषण सुटलं.

१९४८ मध्ये त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं. ११ जून १९५० रोजी वयाच्या ५० व्या वर्षी त्यांनी आपलं जीवन संपवलं.

‘श्यामची आई’मधली माया आणि पंढरपूरचा हट्ट वेगळे नव्हते. श्यामला घरात मिळालेलं प्रेम सगळ्यांच्या वाट्याला यावं, यासाठीच तो लढा होता.