भाड्याची खोली टिकवायची कोणी? शहापूर-मुरबाडमधील परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा प्रश्न

स्वतःचे घर घेण्याची ऐपत नाही आणि मुंबई-ठाण्यातील भाडे झेपत नाही, अशा कुटुंबांना मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावरील वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी या स्थानकांलगतच्या चाळींचा आधार असतो. रेल्वे नसलेल्या मुरबाडमध्ये औद्योगिक वसाहतीतील कामगारांमुळे भाड्याच्या खोल्यांची गरज निर्माण झाली. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा खुला झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो. दळणवळण वाढले की जमिनीला भाव येतो आणि चाळ राखण्यापेक्षा ती पाडून सदनिका विकणे मालकाला किफायतशीर वाटू लागते. अशा वेळी स्वस्त भाड्याच्या खोल्या टिकवण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न उभा राहतो.

कायद्याची पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील भाडेनियंत्रणाचा वाद जुना आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून ठेवले. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूंना त्यामुळे संरक्षण मिळाले. मात्र दशके उलटली तरी भाडे वाढेना. इमारतींची दुरुस्ती मालकांना परवडेनाशी झाली आणि भाड्यासाठी नवी घरे बांधण्याचा उत्साहही मावळला. १९ डिसेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भाडे गोठवणाऱ्या तरतुदी कालबाह्य व अन्यायकारक ठरल्याचे मत नोंदवले. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्यात मालकाला दरवर्षी ४ टक्के भाडेवाढीची मुभा मिळाली.

हा कायदा सरसकट प्रत्येक गावाला लागू नाही. अनुसूचीत नमूद केलेली क्षेत्रे, पूर्वीचे भाडेकायदे ज्यांना लागू होते ती क्षेत्रे आणि शासन अधिसूचनेद्वारे ठरवील ती ठिकाणे, एवढीच त्याची व्याप्ती आहे. शिवाय शासनाच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या जागा या कायद्यातून वगळलेल्या आहेत.

भाडेकरू आणि परवानाधारक

चाळ पाडली जाते तेव्हा खोलीत राहणारा कायद्याच्या दृष्टीने कोण आहे, यावर सारे अवलंबून असते. कायद्याचे संरक्षण असलेल्या भाडेकरूला न्यायालयाच्या आदेशाशिवाय बाहेर काढता येत नाही. नवी इमारत उभारण्यासाठी जुनी पाडायची असल्यास, प्रत्येक भाडेकरूला नव्या इमारतीत जवळपास तेवढ्याच चटई क्षेत्रफळाची जागा देण्याची हमी मालकाला द्यावी लागते. लघुवाद न्यायालय नसलेल्या ठिकाणी असे दावे कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे चालतात.

अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स' करारावर राहणाऱ्याला मात्र असा हक्क नाही. मुदत संपली की त्याने जागा सोडायची. न सोडल्यास दुप्पट शुल्काची तरतूद आहे.

तोंडी व्यवहारावर राहणाऱ्यांची स्थिती याहून नाजूक असते. कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी न केल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद, ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ही तरतूद माहीत नसल्याने अनेक जण सांगितल्या दिवशी मुकाट्याने खोली रिकामी करतात.

भाड्याची योजना, मालकीची घरे

शासनाचा भर आजवर मालकीच्या घरांवर राहिला. याचे बोलके उदाहरण मुंबई महानगर प्रदेशातील आहे. २००८ मध्ये एमएमआरडीएने १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आखली. पुढे योजनेचे स्वरूप बदलून ती विक्रीच्या परवडणाऱ्या घरांकडे वळली. पनवेलजवळच्या कोन येथील २,४१७ घरांची सोडत २ डिसेंबर २०१६ रोजी गिरणी कामगारांसाठी काढण्यात आली. दोन खोल्या जोडून प्रत्येकी ३२० चौरस फुटांचे घर मालकी हक्काने देण्यात आले. गिरणी कामगारांची मागणी रास्तच होती. पण भाड्यासाठी बांधलेली घरे त्या गरजेतून कायमची बाहेर गेली.

केंद्राने जुलै २०२० मध्ये परवडणाऱ्या भाडे गृहसंकुलांची योजना आणली. शासकीय निधीतून बांधलेली रिकामी घरे २५ वर्षे भाड्याने देणे हा तिचा एक भाग होता. २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना-शहरी २.० मध्येही भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक आहे.

स्थानिक संस्थांच्या हाती काय?

शहापूर व मुरबाड या गावांच्या नगरपंचायती २०१५ मध्ये अस्तित्वात आल्या. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी 'ग्रामीण गृहनिर्माण' हा विषय आहे. नागरी संस्थांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत गृहनिर्माण असा स्वतंत्र विषयच नाही. तेथे नगरनियोजन, झोपडपट्टी सुधारणा व दुर्बल घटकांचे हितरक्षण हे विषय आहेत. दुसरीकडे, वासिंद-आसनगावसारख्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत भाडेकरू शहरी गरजेचे, पण योजना ग्रामीण, अशी विसंगती आहे. मोठ्या प्रकल्पांत २० टक्के घरे अल्प व दुर्बल उत्पन्न गटांसाठी राखण्याचे बंधनही मुळात १० लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महानगरपालिकांसाठी आणले गेले होते.

तरीही स्थानिक सभागृहांचे हात अगदीच बांधलेले नाहीत. विकास आराखड्यात दुर्बल घटकांच्या घरांसाठी जागा आरक्षित करणे, स्वतःच्या जागेवर खोल्या बांधून त्या विक्रीऐवजी भाड्यानेच देणे, भाड्याच्या चाळींची नोंद ठेवणे आणि करारनोंदणीबाबत प्रभागनिहाय माहिती देणे हे मार्ग त्यांना खुले आहेत. घरपट्टीचा बोजा अखेर भाड्यातूनच वसूल होतो, याचे भान कर ठरवताना ठेवावे लागेल.

चाळमालकाचाही प्रश्न खरा आहे. दुरुस्तीचा खर्च निघेल एवढे भाडे त्याला मिळाले नाही तर चाळ कोसळते किंवा विकली जाते आणि दोन्ही वेळी भाडेकरूच रस्त्यावर येतो. गोठवलेल्या भाड्याने मुंबईत काय झाले, ते राज्याने पाहिले आहे. मात्र मोकळ्या बाजारावर सोडून देणे हाही उपाय नव्हे. शहापूर-मुरबाडमधील चाळी अजून उभ्या आहेत. त्या जमीनदोस्त झाल्यावर ठराव करण्यापेक्षा, आपल्या हद्दीत भाड्याच्या खोल्या किती आणि त्यांत राहणारे कोण, याची मोजणी आजच करणे ही स्थानिक संस्थांची पहिली पायरी ठरेल.