पदवी आणि सनद यांमधली वाट

कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या तरुणाला आपल्याकडे अजूनही पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘सनद काढली का?’ असा. गुण किती पडले, कोणते महाविद्यालय होते, हे नंतरचे प्रश्न. पदवी विद्यापीठ देते. पण न्यायालयात उभे राहून दुसऱ्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार सनदेने मिळतो, हे सामान्य माणसालाही ठाऊक असते. या दोन कागदांमध्ये जी वाट आहे, तिचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो. विधी अभ्यासक्रमाच्या पाठ्यपुस्तकांत ‘विधी व्यवसायाचा विकास’ या नावाचे एक प्रकरण असते. त्यात कायद्यांची नावे आणि साल असतात; त्या वाटेवर कोण अडले आणि का अडले, हे बहुधा नसते. आम्हाला येथे ते थोडेसे पाहायचे आहे.

‘सनद’ आणि ‘वकील’ हे दोन्ही शब्द आपल्याकडे इंग्रजी न्यायालयांच्या आधीपासून आहेत. पेशवाईत सनद म्हणजे राज्यकर्त्याने इनामाचे वा वतनाचे दिलेले अधिकारपत्र, आणि वकील म्हणजे परदरबारी ठेवलेला प्रतिनिधी. दिल्लीला हिंगणे वकील होते, निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे होते. धन्याचे म्हणणे परक्या दरबारात मांडणे हे त्यांचे काम. कंपनी सरकारच्या अदालती आल्या तेव्हा हेच शब्द नव्या व्यवस्थेत शिरले. धन्याच्या जागी पक्षकार आला, दरबाराच्या जागी न्यायालय आले. मात्र सनदेमागची जुनी कल्पना पुसली गेली नाही. सनद ही कोणीतरी वरून ‘देण्याची’ वस्तू राहिली, आणि देणारा म्हटला की नाकारणाराही आलाच.

या दृष्टीने 1846 चा कायदा महत्त्वाचा. कंपनीच्या अदालतींत वकिली करण्यास कोणत्याही राष्ट्राची वा धर्माची पात्र व्यक्ती मोकळी असल्याचे त्याने मान्य केले. मुंबईत 1855 साली सरकारी विधी महाविद्यालयाचा आरंभ झाला, 1857 मध्ये विद्यापीठ आले, आणि 1866 मध्ये महादेव गोविंद रानडे एल्‌एल.बी. झाले. पुढच्या पिढीत कायदा हे मराठी मध्यमवर्गाचे एक हमरस्त्याचे शिक्षण बनले. 1879 साली एल्‌एल.बी. झालेल्या टिळकांनी वकिली पत्करली नाही, पण पुण्यात कायद्याचे वर्ग चालवून वकिलीच्या परीक्षांसाठी विद्यार्थी तयार केले. आजच्या खासगी शिकवण्यांचा उगम शोधणाऱ्याने या वर्गांकडेही पाहावे. राष्ट्रीय चळवळीतल्या पुढाऱ्याच्या चरितार्थाचा एक आधार परीक्षार्थींचे शुल्क हा होता, यातून त्या काळी या शिक्षणाला किती मागणी होती ते दिसते.

पण ‘कोणतीही पात्र व्यक्ती’ या शब्दांत स्त्री येते का? हा प्रश्न उभा राहिला तो प्रथम एका नाशिककर मुलीमुळे. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म 1866 चा. त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर ठरल्या. विलायतेत शिकण्यासाठी असलेली सरकारी शिष्यवृत्ती गुणांच्या बळावर त्यांच्याकडे यायची, ती स्त्री असल्यामुळे आली नाही. इंग्लंडमधील हितचिंतकांनी निधी जमवला आणि 1889 मध्ये त्या ऑक्सफर्डला पोहोचल्या. 1892 मध्ये विशेष अनुमतीने त्या बी.सी.एल.च्या परीक्षेस बसल्या व उत्तीर्ण झाल्या; परंतु विद्यापीठ स्त्रियांना पदवीच देत नव्हते. मायदेशी परतून त्यांनी 1897 मध्ये मुंबईची एल्‌एल.बी. आणि 1899 मध्ये अलाहाबादची वकिलीची परीक्षा दिली. तीन परीक्षा झाल्या, तरी सनद नाही.

या मधल्या काळात त्यांनी केलेले काम आम्हाला अधिक लक्षणीय वाटते. 1904 पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्‌समध्ये त्यांनी पडदानशीन जमीनदार स्त्रियांसाठी कायद्याचा सल्ला देण्याचे काम केले. ज्या स्त्रिया पुरुष वकिलासमोर येऊ शकत नव्हत्या, त्यांना वकिलाची गरज सर्वांत जास्त होती. आणि त्यांच्यापर्यंत जाऊ शकणारी व्यक्ती न्यायालयात उभी राहू शकत नव्हती. नियमांचे पालन होत होते, पण न्यायाचा हेतू बाजूला पडत होता. 1916 मध्ये रेजिना गुहा यांचा अर्ज कलकत्ता उच्च न्यायालयाने फेटाळला. सुधांशुबाला हाजरा यांना पाटण्यात तोच अनुभव आला. 1921 साली अलाहाबादने कॉर्नेलियांना प्रवेश दिला, आणि 1923 च्या कायद्याने स्त्री असणे ही वकिलीतील अपात्रता राहिली नाही. परीक्षा उत्तीर्ण होऊन तोवर त्यांना तीन दशके होत आली होती.

त्याच 1923 साली मुंबईच्या उच्च न्यायालयात आणखी एका व्यक्तीने सनद घेतली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1916 मध्ये लंडनच्या ग्रेज इनमध्ये नाव घातले होते. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 मध्ये शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज या बळावर ते 1920 मध्ये पुन्हा गेले. त्या काळी बॅरिस्टर होणाऱ्याला परीक्षांबरोबरच इनमध्ये ठरावीक संख्येची भोजने घेऊन ‘टर्म’ भराव्या लागत. ज्येष्ठांच्या पंक्तीला बसणे हा शिक्षणाचाच भाग मानला जाई. मायदेशी ज्याला पंक्तीत स्थान नव्हते, त्याने ही अट लंडनमध्ये पुरी केली.

1922 मध्ये ते बॅरिस्टर झाले, 1923 मध्ये सनद मिळाली, आणि खरी वाट तिथून सुरू झाली. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेतील काम सॉलिसिटरांच्या हातून येई, आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या बॅरिस्टरकडे ते सहसा येत नसे. अपिलाच्या बाजूने आणि जिल्हा न्यायालयांतून मिळेल ते काम त्यांनी केले. जोडीला 1925 ते 1928 या काळात त्यांनी एका लेखापालन प्रशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. 1926 मध्ये ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून उद्भवलेल्या खटल्यात त्यांनी ब्राह्मणेतर चळवळीतील कार्यकर्त्यांची बाजू यशस्वीपणे मांडली. 1935 मध्ये ते मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. हा शेवट आपल्याला ठाऊक असल्यामुळे मधली वर्षे आपण झटकन ओलांडतो. पण सनद खिशात असताना दुसऱ्या कमाईवर घर चालवावे लागणे, हा अनुभव त्या वर्षांचा आहे, आणि आजच्या कित्येक नवोदित वकिलांना तो परका वाटणार नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात 1961 च्या अधिवक्ता कायद्याने बॅरिस्टर, प्लीडर, मुखत्यार ही उतरंड मोडून वकिलांचा एकच वर्ग केला. मूळ कायद्यात सनदेपूर्वी प्रशिक्षण व परीक्षा यांची तरतूद होती. 1973 च्या दुरुस्तीने ती गेली. 1995 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने वर्षभराच्या प्रशिक्षणाचा नियम केला. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकाराबाहेरचा ठरवला. 2010 मध्ये अखिल भारतीय बार परीक्षेची घोषणा झाली, आणि 2023 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 1999 च्या निर्णयातील भूमिका बाजूला सारून ती परीक्षा वैध मानली. पदवीनंतर आणखी एक चाळणी हवी की नको, याविषयी आपले मत अर्धशतकभर असे झोके घेत आले आहे.

परीक्षेचा वाद गुणवत्तेचा म्हणून उघड चालतो. पैशाचा प्रश्न तितका उघड नसतो. कायद्यात सनदेचे शुल्क साडेसातशे रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना सव्वाशे, असे लिहिलेले असताना राज्य परिषदांची प्रत्यक्ष आकारणी निरनिराळ्या नावांनी पंधरा हजारांपासून चाळीस हजारांच्या वर जात होती. 30 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही जादा आकारणी बेकायदा ठरवली आणि दुर्बल घटकांतील पदवीधरांच्या समतेच्या हक्काशी तिचा संबंध जोडला. त्याच वर्षी ऑक्टोबरात बार कौन्सिल ऑफ इंडियाने कनिष्ठ वकिलांना शहरांत दरमहा किमान वीस हजार व ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली. शिफारसच, बंधन नव्हे.

मग 20 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू करण्याचा निर्णय दिला. ही अट 2002 मध्ये काढली गेली होती. ज्याने कधी तारीख घेतली नाही, साक्षीदाराची उलटतपासणी पाहिली नाही, त्याने थेट न्यायासनावर बसू नये, हा तिच्यामागचा विचार आम्हाला योग्य वाटतो. पण ही तीन वर्षे कशी निघतात? वडिलांचे कार्यालय शहरात असेल तर एक तऱ्हा. गावाकडून आलेल्या, खोलीचे भाडे भरणाऱ्या, ज्येष्ठांच्या फायली वाहत दिवाळीच्या पाकिटाची वाट पाहणाऱ्या मुलीची दुसरी. तिच्यासाठी पूर्वी न्यायाधीशपदाची परीक्षा हीच एक सरळ वाट होती. आता त्या परीक्षेआधी तिला बहुधा बिनपगारी अशी तीन वर्षे काढावी लागतील. अनुभवाची अट घालायची आणि अनुभवाचा खर्च उमेदवाराच्या घरावर सोडायचा, यात गुणवत्तेची परीक्षा कमी आणि ऐपतीची अधिक होते. विद्यावेतन बंधनकारक करणे हा या अटीचाच दुसरा अर्धा भाग आहे, असे आम्ही मानतो.

कॉर्नेलिया सोराबजींना त्या स्त्री आहेत म्हणून अडवले, आणि तसे स्पष्ट सांगितले. आंबेडकरांना जातीने अडवले; ते कोणी सांगितले नाही, फक्त काम दिले नाही. आज ज्याला पैशाने अडवले जाते, त्याला कोणी अडवतेच असे नाही. तो दोन-तीन वर्षांत आपणहून दुसरी नोकरी धरतो, आणि त्याने सनद घेतली होती हे हळूहळू कोणाच्या लक्षातही राहत नाही.