पेलाग्राची दख्खनी कुळकथा

मलकपेठेच्या गंजात नाव मिरचीचं आणि कांद्याचं. पण दिवेलागणीला हैदराबादच्या कुठल्याही मोठ्या रस्त्याच्या कडेला पाहा, ‘जोन्ना रोट्टे’वाल्या बायका बसलेल्या असतात. गोळा घ्यायचा, थापायचा, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा. आपलीच ज्वारीची भाकरी. गिऱ्हाइकांत मधुमेहवाले बरेच. डॉक्टरांनी भात सोडायला सांगितलेला असतो. याच भाकरीवर 1960 च्या सुमारास याच शहरात भलताच संशय घेतला गेला होता: ही माणसाचं डोकं फिरवते का?

आजाराचं नाव पेलाग्रा. आधी ऊन लागणाऱ्या जागी कातडी काळवंडते आणि सोलते: हातांची मागची बाजू, पावलं, आणि गळ्याभोवती कंठी घातल्यासारखा पट्टा. मग तोंड येतं, जुलाब लागतात. त्यानंतर झोप उडते, माणूस उदास होतो, विसरतो, बरळतो. म्हणूनच हे रुग्ण वेड्यांच्या इस्पितळातही सापडत.

आजाराची पहिली नोंद स्पेनमधली. 1735 मध्ये गास्पार कासाल या वैद्याला तो मका खाणाऱ्या गरीब शेतकऱ्यांत दिसला. गळ्यावरच्या त्या पट्ट्याला आजही त्याचंच नाव आहे. पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात हजारो माणसं यानं दगावली आणि सगळे जंतू शोधत बसले. जोसेफ गोल्डबर्गर हा डॉक्टर म्हणत होता, दोष जंतूंचा नाही, ताटाचा आहे. कुणी ऐकेना, तेव्हा 1916 मध्ये त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचं रक्त टोचून घेतलं, त्यांच्या खपल्या आणि विष्ठासुद्धा गिळली. कुणालाही पेलाग्रा झाला नाही. ताटात नेमकं काय कमी आहे, हे 1937 मध्ये कॉनराड एल्वेहेम या शास्त्रज्ञानं दाखवलं: निकोटिनिक ॲसिड, म्हणजे नायासिन, ब गटातलं जीवनसत्त्व. ते दिल्यावर भ्रमिष्ट माणसं काही दिवसांत भानावर येऊ लागली. जीवनसत्त्वानं बुद्धी तल्लख होते, या आजच्या जाहिरातींतल्या समजुतीचं एक मूळ मला इथं दिसतं. फरक एवढाच, की तिथं हरवलेलं भान परत मिळत होतं. ज्याचं हरवलेलंच नाही, त्याला जास्तीच्या गोळीनं काय मिळणार?

हैदराबादची गोष्ट मात्र मक्यापाशी थांबत नाही. मॅककॅरिसन या डॉक्टरनं 1918 मध्ये कुन्नूरला बेरीबेरी या आजाराच्या शोधासाठी थाटलेली छोटी प्रयोगशाळा 1958 मध्ये हैदराबादला आली. तेव्हा संचालक होते डॉ. व्ही. एन. पटवर्धन. तारनाक्याची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच. इथल्या डॉक्टरांपुढे जे पेलाग्राचे रुग्ण आले, ते मका खाणारे नव्हते. ते ज्वारी खाणारे दख्खनी मजूर होते.

कोडं इथंच होतं. ट्रिप्टोफॅन नावाच्या अमिनो आम्लापासून शरीर स्वतःच थोडं नायासिन बनवतं. साठ मिलिग्रॅमला एक, असा ढोबळ हिशेब. मक्यात ट्रिप्टोफॅन तुटपुंजं, म्हणून पेलाग्रा. ज्वारीत तर ते मक्याइतकं कमी नाही. मग? संस्थेतल्याच सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये बोट ठेवलं ते ल्युसिनवर. ज्वारीत हे दुसरं अमिनो आम्ल भरपूर असतं आणि ते ट्रिप्टोफॅनच्या वाटेत आडवं येतं, असं त्यांचं म्हणणं. कुत्र्यांत पेलाग्राचा जोडीदार म्हणजे काळी जीभ. संस्थेत कुत्र्यांवर प्रयोग करून हे तपासलं गेलं. सगळ्या जगाला ते पटलं नाही, वाद बरीच वर्षं चालला. मला त्यातलं मोलाचं वाटतं ते हे, की कमतरता मोजून भागत नाही, समतोलही पाहावा लागतो, हा प्रश्न इथून लावून धरला गेला.

आनुवंशिकताही यात दोन दारांनी येते. ज्वारीच्या सगळ्या वाणांत ल्युसिन सारखं नसतं, म्हणून कमी ल्युसिनचं वाण निवडावं असा विचार पुढे आला. दुसरं दार माणसाच्या जनुकांचं. 1956 मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी हार्टनप कुटुंबातला जन्मजात दोष नोंदवला: ट्रिप्टोफॅनसारखी अमिनो आम्लं आतड्यातून नीट शोषलीच जात नाहीत. ताट भरलेलं असूनही पेलाग्रासारखं पुरळ येतं, तोल जातो.

1960 च्या सुमारास मराठवाडा नुकताच हैदराबाद राज्यातून बाहेर पडला होता आणि ज्वारीवरच जगत होता. मग आपल्या आज्या-पणज्या भ्रमिष्ट कशा झाल्या नाहीत? भाकरीबरोबर वरण असे, ताक असे, आणि शेंगदाण्याची चटणी. शेंगदाण्यात नायासिन चांगलंच असतं. ज्याच्या वाट्याला नुसती भाकरी आणि वर मीठ-मिरची, तो मजूर पेलाग्राच्या तावडीत सापडला. दोष भाकरीचा नव्हे, तिच्या एकटेपणाचा.

1983 मध्ये मुख्यमंत्री एन. टी. रामारावांनी आंध्रात दोन रुपये किलो तांदूळ आणला. गरिबाच्या ताटातली ज्वारी घटत गेली, तसा पेलाग्राही विरळ झाला. कधीकाळची गरिबाची भाकरी आता पथ्याची झाली आहे. पेलाग्रा आज दिसतोच तर दारूच्या व्यसनात जेवण सुटलेल्यांत, नाहीतर क्षयावर आयसोनियाझिड घेणाऱ्यांत. ते औषध शरीरातलं ब-6 पळवतं, आणि ट्रिप्टोफॅनचं नायासिन व्हायला ब-6 लागतं.