शिंदंडचे पहारेकरी

युद्ध म्हटलें म्हणजे दोन सत्ता, दोन सैन्यें आणि एक रणभूमि असें चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. शाळेंतील इतिहासाचीं पुस्तकेंहि त्याच थाटाचीं असतात. आज ज्या झगड्याची हकीकत मी सांगणार आहें, त्यांत मात्र दोन्ही बाजूंचे लोक एकाच धन्याचे पगारी पहारेकरी होते.

अफगाणिस्तानच्या पश्चिमेस हेरात प्रांतांत शिंदंड येथें एक मोठा विमानतळ आहे. १९७९ नंतर सोव्हिएट फौजांनीं त्याचा उपयोग केला. पुढें अमेरिकेची फौज त्या देशांत आली आणि २००७ सालीं तळावर नवें बांधकाम निघालें. त्याच्या रक्षणाचा मक्ता आर्मरग्रुप नांवाच्या कंपनीच्या अमेरिकन शाखेस मिळाला. कंपनी परकी; त्या मुलखाची तिला ओळख नाहीं. बंदूक चालविणारीं माणसें तेथें हवीं तितकीं होतीं, परंतु तीं आपापल्या सरदाराच्या शब्दाबाहेर नव्हतीं. तेव्हां कंपनीनें दोन स्थानिक सरदारांना हाताशीं धरलें. त्यांनीं माणसें पुरवावींत, कंपनीनें पगार द्यावा, असा व्यवहार ठरला. साहेबलोकांनीं ह्या दोघांना ‘मिस्टर व्हाइट’ आणि ‘मिस्टर पिंक’ अशीं टोपणनांवें दिलीं. हीं नांवें ‘रिझर्व्हॉयर डॉग्ज’ ह्या १९९२ सालच्या चित्रपटांतील दरोडेखोरांचीं आहेत. नांवें ठेवणारा विनोदी असेल. पण त्या चित्रपटांत दरोडेखोर शेवटीं एकमेकांवरच पिस्तुलें रोखतात, हें त्याला ठाऊक नव्हतें असें कसें म्हणावें?

मक्ता एक आणि वाटेकरी दोन. कोणाचीं माणसें किती लागलीं, ह्यावर सरदाराचें उत्पन्न अवलंबून आणि गांवांतील वजनहि. पैसा येऊं लागला तशी चुरस वाढली. डिसेंबर २००७ मध्यें पिंकनें व्हाइटला गोळ्या घालून ठार केलें. कंपनीनें मृताची जागा त्याच्या भावास दिली; तो ‘दुसरा व्हाइट’. पिंक तालिबानच्या आश्रयास गेला. ह्यापुढची गोष्ट ऐकून कोणाहि गृहस्थास नवल वाटेल. खुनी सरदार शत्रूच्या गोटांत बसलेला असतां त्याचीं माणसें कांहीं काळ तळाच्या पहाऱ्यावर तशींच राहिलीं! तळावरील बातम्या त्यास पोंचतात असें आढळून आलें, तेव्हां कांहींना घरीं पाठविण्यांत आलें. आपल्याकडे रात्रीचा गुरखा ठेवतांनाहि लोक चार ठिकाणीं चौकशी करतात.

दुसऱ्या व्हाइटचेंहि तालिबानशीं सूत जमलेलें होतें. २१ ऑगस्ट २००८ च्या रात्रीं अझीझाबाद गांवीं त्याच्या घरीं तालिबानचा एक पुढारी येणार, अशी खबर अमेरिकन सैन्यास लागली. अमेरिकन व अफगाण सैनिकांनीं छापा घातला, गोळीबार झाला आणि विमानांतून तोफा डागल्या गेल्या. दुसरा व्हाइट मेला. कंपनीचे कित्येक पहारेकरीहि मेले. अमेरिकेच्या पैशावर पोसलेले हे लोक अमेरिकेच्याच तोफेस बळी पडले. पण ते तरी हत्यारबंद होते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या चौकशींत ९० नागरिक मेल्याचें आढळलें, व त्यांत ६० मुलें होतीं. अमेरिकन सैन्यानें प्रथम मृत नागरिकांची संख्या पांच-सात सांगितली. ऑक्टोबरांत ती ३३ वर नेली. एखाद्या वैऱ्यानें खोटी खबर देऊन हा घात करविला, असाहि आरोप अफगाणांकडून झाला. मुलें निजलेल्या घरांवर तोफा कां डागल्या, ह्याचें उत्तर मात्र आंकडा कमी-जास्त केल्यानें मिळत नाहीं.

हें सारें उजेडांत आलें तें ऑक्टोबर २०१० मध्यें, अमेरिकन सिनेटच्या लष्करी समितीच्या अहवालानें. त्या वर्षीं मे महिन्यांत अफगाणिस्तानांत खासगी पहारेकरी २६,००० हून अधिक होते, आणि बहुतेक अफगाणच. अध्यक्ष करझाई ह्यांनीं ऑगस्टमध्येंच अशा कंपन्या चार महिन्यांत बंद करण्याचें फर्मान काढलें होतें. पण रसदीचे ट्रक आणि परक्यांचीं बांधकामें पहाऱ्यावांचून कशीं चालावींत? मुदत पुढें ढकलावी लागली. मग सरकारनें स्वतःचेंच एक पगारी पहारेदल उभारलें, आणि तेंहि २०१४ सालीं मोडलें. ऑगस्ट २०२१ मध्यें हेरात तालिबानच्या हातीं गेलें, तेव्हां शिंदंडचा तळहि त्याबरोबर गेला.