विद्यापीठाचे सल्लागार आणि त्यांचे व्यवसाय

विद्यापीठ म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें अध्यापक, विद्यार्थी आणि परीक्षा उभ्या राहतात. परंतु विद्यापीठानें काय शिकवावें, कोणती पदवी द्यावी आणि कोणता विषय दाराबाहेर ठेवावा, हें ज्या मंडळींच्या सल्ल्यानें ठरतें, तिच्याकडे सामान्य माणसाचें लक्ष क्वचितच जातें. ही मंडळी कोण होती, चरितार्थासाठीं काय करीत होती आणि तिच्या व्यवसायांची छाया आपल्या विद्येवर कशी पडली, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे. आणि तो मुंबईच्या राजाबाई मनोऱ्याखालीं उभें राहून न करतां नाशिक जिल्ह्यांतील लासलगांवाहून करावा असें माझ्या मनांत आहे. कांद्याच्या बाजाराचा आणि विद्यापीठाच्या सभेचा संबंध काय, असें कोणी विचारील. तो संबंध आहे, आणि अगदीं प्रारंभापासून आहे.

१८५७ सालच्या जुलै महिन्याच्या १८ तारखेस, उत्तर हिंदुस्थानांत बंडाचा वणवा पेटलेला असतां, मुंबई युनिव्हर्सिटीचा कायदा मंजूर झाला. त्या कायद्यांतच पहिल्या फेलोंचीं नांवें त्यांच्या हुद्द्यांसह घातलेलीं आहेत. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन हे चॅन्सेलर, आणि सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर विल्यम यार्डले हे व्हाइस-चॅन्सेलर. त्यांच्या खालीं मुंबईचे बिशप, सेनापति, कौन्सिलांतले सभासद, न्यायाधीश, शिक्षणखात्याचे प्रमुख हॉवर्ड, ग्रँट मेडिकल कॉलेजचे डॉक्टर मोरहेड, एल्फिन्स्टन कॉलेजचे हार्कनेस, मिशनरी डॉक्टर जॉन विल्सन. एतद्देशीय गृहस्थ पांच: सर जमशेटजी जीजीभाई, जगन्नाथ शंकरशेट, बमनजी होरमसजी, डॉक्टर भाऊ दाजी आणि मुंबईचे काजी महंमद युसूफ मुरघे.

या यादींत जेम्स जॉन बर्कले हें एक नांव आहे. हे जी. आय. पी. रेल्वेचे मुख्य रेसिडेंट एंजिनियर. १८५३ सालीं बोरीबंदर ते ठाणें ही पहिली आगगाडी धांवली ती त्यांच्याच देखरेखीखालीं बांधलेल्या रुळांवरून; आणि कल्याणाहून थळघाट चढून इगतपुरी, नाशिक, निफाड, लासलगांव, मनमाड असा जो लोहमार्ग खानदेशाकडे गेला, त्याचीहि आंखणी त्यांच्याच कारकीर्दींतली. घाटमाथ्यावरचा रूळ १८६१ सालीं नाशिकच्या पुढें गेला, तर थळघाटांतून गाडी १८६५ सालीं चालूं झाली. ती पाहण्यास बर्कलेसाहेब राहिले नव्हते. १८६२ सालींच त्यांचा अंत झाला. लासलगांव पुढें बाजारपेठ म्हणून नांवारूपास आलें, त्यास हें स्टेशन मोठें कारण आहे. तेव्हां ज्यानें या गांवावरून रूळ नेला, तो पुरुष विद्यापीठाच्या पहिल्या सभेंत बसत होता. त्या रुळावरून ज्याचा माल जाणार होता, त्याचें आसन मात्र तेथें नव्हतें.

व्यवसायांचा हा हिशेब निव्वळ कुतूहलाचा नव्हे. मुंबई युनिव्हर्सिटीच्या प्रारंभीच्या शाखा चार: कला, कायदा, वैद्यक आणि स्थापत्य. त्या शाखा आणि फेलोंची यादी शेजारीं शेजारीं ठेवून पाहावी. कलेसाठीं प्रिन्सिपॉल व धर्मोपदेशक, कायद्यासाठीं न्यायाधीश, वैद्यकासाठीं डॉक्टर, स्थापत्यासाठीं एंजिनियर. लंडन युनिव्हर्सिटीचा नमुना पुढें होता आणि सरकारला वकील, डॉक्टर व ओव्हरसियर हवे होते, हीं कारणें खरींच. पण ज्या विद्यांचे जाणते सभेंत होते, त्याच विद्यांस पदवी मिळाली, ही गोष्टहि तितकीच खरी. शेतकीचा वर्ग पुण्याच्या सायन्स कॉलेजांत निघाला तो १८७९ सालीं, म्हणजे बावीस वर्षांनीं. आणि शेतकी कॉलेज स्वतंत्र झालें तें १९०७-०८ च्या सुमारास.

येथें एक शंका निघते. जमशेटजी व नाना शंकरशेट हे तर नामांकित व्यापारी. मग व्यापारी शिक्षणास प्रारंभींच स्थान कां मिळालें नाहीं? मुंबईंत सिडनहॅम कॉलेज निघण्यास १९१३ साल उजाडावें लागलें. माझ्या मतें उत्तर असें, कीं या गृहस्थांस सभेंत बोलाविलें तें त्यांच्या दातृत्वासाठीं आणि लौकिकासाठीं. हुंडी, बाजारभाव, जहाजाचा विमा यांविषयीं त्यांच्यापाशीं जें ज्ञान होतें, तें ज्ञान या पदवीस पोंचलें आहे असें कोणास वाटलें नाहीं. नुसतें आसन मिळणें आणि अनुभवास मान मिळणें, या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

तथापि माणूस आपल्या व्यवसायानें सर्वस्वीं बांधला जातो असें मात्र समजूं नये. भाऊ दाजी धंद्यानें डॉक्टर. पण प्राचीन शिलालेख वाचण्यांत त्यांनीं नांव मिळविलें. दुसरें उदाहरण तर लासलगांवच्या अगदीं शेजारचें आहे. लासलगांव ज्या तालुक्यांत मोडतें त्या निफाडास १८ जानेवारी १८४२ रोजीं महादेव गोविंद रानडे यांचा जन्म झाला. १८६२ सालीं मुंबई युनिव्हर्सिटीचे जे पहिले चार बी. ए. झाले, त्यांत रानडे व भांडारकर हे होते. आणि १८६५ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, रानडे फेलो झाले. पेशा न्यायाधीशाचा, परंतु शेतकऱ्याचें कर्ज, शेतसारा, देशी उद्योग यांवर त्यांनीं आयुष्यभर लिहिलें, आणि कॉलेजच्या अभ्यासक्रमांतून बाहेर पडलेल्या मराठीस परत आणण्यासाठीं सेनेटांत वर्षानुवर्षें खटपट केली. त्यांच्या आयुष्याच्या अखेरीस, १९०१ च्या सुमारास, एम्. ए. च्या परीक्षेंत मराठीचा शिरकाव झाला.

पण सज्जनाच्या सहानुभूतीवर सारा कारभार सोंपवावा काय? १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन करतांना जोतीराव फुले यांनीं याच दुखण्यावर बोट ठेविलें. सरकारी तिजोरी भरते ती रयतेच्या घामानें, आणि त्या पैशांतून वरच्या शिक्षणाचा लाभ होतो तो वरच्या वर्गांस, ही त्यांची तक्रार होती. फुले शेतीहि जाणत आणि बांधकामाचीं कंत्राटेंहि घेत. युनिव्हर्सिटीच्या यादींत अशा माणसासाठीं हुद्दाच नव्हता.

पुढें कायदे बदलत गेले. १९०४ च्या कायद्यानें सेनेटची संख्या पन्नास ते शंभर यांच्या मर्यादेंत आणली आणि फेलोपण पांच वर्षांचें केलें. पुणें विद्यापीठाचा कायदा १९४८ सालीं झाला आणि नाशिक जिल्हा त्या विद्यापीठाकडे आला. तेथील कुलगुरूंचे व्यवसाय पाहिले तर बॅरिस्टर जयकर, गणिती रँग्लर परांजपे, इतिहाससंशोधक दत्तो वामन पोतदार आणि १९६६-६७ सालीं अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ अशी मालिका दिसते. गाडगीळ हे प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष. ऊस पिकविणाऱ्यांच्या सभा त्यांनीं चालविलेल्या होत्या. आणि १९६८ सालीं स्थापन होऊन राहुरीस स्थिर झालेल्या कृषि विद्यापीठाच्या बाबतींत, पुढें १९८३ च्या कायद्यानें, कार्यकारी परिषदेवर प्रगतिशील शेतकरी घेण्याची तरतूद झाली. १८५७ पासून मोजलें तर ही वाट शतकाहून लांब आहे.

ही तरतूद शोभेची नव्हे, हें लासलगांवांत सहज पटतें. येथील बाजारसमिति १९४७ सालची. कांद्याच्या दरासाठीं साऱ्या देशाचें लक्ष तिच्याकडे असतें. २००२ सालीं भाभा अणुसंशोधन केंद्रानें येथें ‘कृषक’ हें विकिरणकेंद्र उभारलें. कोबाल्टच्या किरणांनीं कांद्याचे मोड थांबतात, हें पदार्थविज्ञानाचें ज्ञान. परंतु चाळींतला उन्हाळ कांदा केवळ मोडानें जात नाहीं. तो सडतो, त्याचें वजन घटतें, ओल लागली कीं थरचा थर बिघडतो. चाळींत वारा कोणत्या बाजूनें खेळवावा, माल किती दिवसांत हलवावा, हें ज्यानें सोसून शिकलेलें आहे, त्याचें सांगणें शास्त्रज्ञाच्या सांगण्याबरोबर एकाच मेजावर आलें पाहिजे.

म्हणून यापुढें एखाद्या विद्यापीठाची सल्लागार मंडळी जाहीर होईल, तेव्हां श्रोत्यांनीं नांवांपुढील पदव्यांबरोबर व्यवसायहि वाचावे. या सभेंत कोणतें काम जाणणारा माणूस आहे आणि कोणतें काम जाणणारा नाहीं, एवढा प्रश्न विचारावा. आणि जो बसला आहे त्याला बोलूं दिलें जातें कीं नाहीं, हेंहि पाहावें. बर्कलेसाहेबांच्या रुळावरून लासलगांवचा कांदा आजहि देशभर जातो. त्याच्यामागें जें ज्ञान आहे, त्याला विद्यापीठाच्या सभेंत हक्काची जागा असणें हें उपकाराचें नसून विद्येच्याच हिताचें आहे.