दोन चुली आणि एक घर

दोन डगरींवर पाय ठेवू नये, असे आपल्याकडील वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. जपानातील क्योतो शहरच्या एका पेढीने हा उपदेश कित्येक वर्षे मानला नाही. तरी ती बुडाली नाही, उलट जगभर नावारूपास आली. ती पेढी म्हणजे निन्टेंडो. टीव्हीला जोडून घरात खेळावयाचे यंत्र आणि खिशात घालून कोठेही न्यावयाचे यंत्र, अशा दोन यंत्रांचा धंदा तिने एकाच वेळी केला. विषय खेळाचा आहे म्हणून श्रोत्यांनी त्यास पोरखेळ समजू नये. एका घराण्याची दोन दुकाने असली, तर त्यांनी परस्परांना आधार कसा द्यावा आणि एकमेकांचे गिऱ्हाईक कसे तोडू नये, हा प्रश्न कोणत्याही बाजारपेठेत पडतो. त्याचे एक उत्तर या इतिहासात सापडते.

ही पेढी १८८९ साली फुसाजिरो यामाउची यांनी हाताने बनविलेले पत्ते विकण्यासाठी काढली. पत्त्यांना जपानीत 'कारुता' म्हणतात, आणि तो शब्द पोर्तुगीज 'कार्ता'वरून आलेला आहे; ज्या पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील सत्तेची राजधानी आपले गोवे होते, त्यांच्याच जहाजांतून हे पत्ते जपानात उतरले. फुसाजिरोंचे पणतू हिरोशी यामाउची १९४९ साली गादीवर आले, आणि त्यांच्या अमदानीत पत्त्यांची पेढी यंत्रांची झाली. १९८३ साली 'फॅमिकॉम' हे घरचे यंत्र निघाले आणि १९८९ साली 'गेम बॉय' हे हातातले. पहिले मासायुकी उएमुरा यांच्या विभागात तयार झाले, दुसरे गुन्पेई योकोई यांच्या. घर एक खरे, परंतु चुली आरंभापासून दोन.

या वेगळेपणास कारण होते. घरच्या यंत्राला भिंतीतील वीज मिळते. हातातल्या यंत्राला सेलांवर जगावे लागते. योकोई यांचे धोरण असे की, जुने, स्वस्त झालेले आणि पुरते ओळखीचे तंत्र घ्यावे आणि त्याचा नवा उपयोग शोधावा. म्हणून गेम बॉयचा पडदा बिनरंगी राहिला. पण चार सेलांवर तो कित्येक तास चाले. उलट प्रतिस्पर्ध्यांनी दोन्ही यंत्रे एक करण्याची घाई केली. एनईसी कंपनीने १९९० साली असे हातातले यंत्र काढले की, त्यात तिच्या घरच्या यंत्राचीच कार्डे चालावीत. सेगा कंपनीने १९९५ साली 'नोमॅड' काढून तोच प्रयोग केला. कल्पना उत्तम होती. परंतु यंत्रे महाग, आणि सहा सहा सेल थोड्याच तासांत संपत. गिऱ्हाइकाने पाठ फिरविली.

निन्टेंडोने दोन्ही यंत्रे एक न करता त्यांच्यामध्ये पूल बांधून पाहिले. १९९४ सालच्या 'सुपर गेम बॉय'मुळे हातातल्या यंत्राची कॅसेट टीव्हीवर चालू लागली. पुढे 'पोकेमॉन' खेळातील आपले प्राणी मुलांना घरच्या यंत्रावर नेऊन लढविता येऊ लागले. २००१ साली निघालेल्या 'गेम क्यूब'ला 'गेम बॉय ॲडव्हान्स' एका तारेने जोडता येई. आता हा हिशेब पाहा. २००३ सालच्या 'फायनल फँटसी'च्या एका खेळात चौघांना एकत्र खेळावयाचे, तर चार हातातली यंत्रे आणि चार तारा लागत. म्हणजे दोन दुकाने जोडण्याचा खर्च दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या माथी मारला! ॲडव्हान्सची विक्री ८ कोटींवर गेली. ज्याला त्याने हात द्यावयाचा, तो गेम क्यूब २ कोटी १७ लाखांवर थांबला. तार होती, पण तारेने धंदा जोडला गेला नाही.

खरी कसोटी पुढे लागली. २०११ साली निघालेल्या '३डीएस'ची किंमत सहा महिन्यांच्या आत २५,००० येनांवरून १५,००० येनांवर आणावी लागली, आणि मार्च २०१२ अखेरच्या वर्षी पेढीने तोटा दाखविला. २०१२ साली 'वी यू' आले. त्याच्या आधीचे 'वी' १० कोटींहून अधिक खपले होते. हे १ कोटी ३५ लाखांवर संपले. नव्या यंत्रांसाठी खेळ रचणे पूर्वीपेक्षा फार श्रमाचे झाले होते, आणि पेढीला ते दोन ठिकाणी, दोन तऱ्हांनी रचावे लागत होते. दोन्ही चुलींना पुरेल इतके सरपण घरात उरले नव्हते.

या वेळी प्रमुख होते सातोरु इवाता. यामाउची घराण्याबाहेरचे ते पहिले अध्यक्ष. माणसे कमी करून ताळेबंद सुधारण्याचा सोपा मार्ग त्यांनी नाकारला. २०१४ साली स्वतःचा पगार पाच महिने निम्म्यावर आणला. तत्पूर्वी, २०१३ साली, त्यांनी घरच्या आणि हातातल्या यंत्रांचे रचना-विभाग एकत्र केले होते. २०१४च्या जानेवारीत त्यांनी सांगितले की, पुढील यंत्रे एका कुटुंबातील भावंडांसारखी असतील. यंत्र एकच असावे असा त्यांचा आग्रह नव्हता. यंत्रांची संख्या वाढूही शकेल, असेच ते म्हणत. त्यांचा आग्रह होता तो पायाची रचना एक असावी, म्हणजे एकदा केलेले काम दुसरीकडे पुन्हा करावे लागू नये, एवढाच.

११ जुलै २०१५ रोजी, वयाच्या ५५व्या वर्षी, ते वारले. त्याच वर्षी खेळ रचणारे मोठे विभागही एक झाले. ३ मार्च २०१७ रोजी 'स्विच' बाजारात आले: बैठकीत ठेवले की टीव्हीवर खेळावे, उचलले की प्रवासात न्यावे. नोमॅडला जे जमले नाही ते याला साधले, कारण मधल्या काळात फिरत्या उपकरणांसाठी कमी विजेवर चालणाऱ्या समर्थ चिप निघाल्या होत्या. या यंत्राची विक्री १५ कोटींच्या पलीकडे गेली. ज्याने पाया घातला, त्याला कळस पाहावयास मिळाला नाही.

मात्र या एकीचीही किंमत आहे, हे विसरून चालणार नाही. 'वी यू' आपटले तेव्हा '३डीएस'ने घर सावरले. आता सावरावयास दुसरा भाऊ नाही. २०२५च्या जूनमध्ये आलेल्या 'स्विच २'वर साऱ्या घराचा भार आहे.

तात्पर्य इतकेच की, दोन दुकानांमध्ये दोरी बांधल्याने ती एक होत नाहीत. प्रथम मुदपाकखाना एक व्हावा लागतो. मग वाढप कोठेही करावे, पंगत उपाशी उठत नाही. आमच्या नगरातील ज्या घराण्यांपुढे आज दोन पेढ्यांचा प्रश्न उभा आहे, त्यांनी दर्शनी पाट्या बदलण्यापूर्वी आतल्या चुलीकडे एकवार पाहावे, एवढेच आमचे सांगणे आहे.