किडा-मुंगी, डास-उंदीर आणि आपण : सव्वाशे वर्षांचा हिशेब

आपल्या गावाचे नाव सांगितले की बाहेरचा पाहुणा हमखास विचारतो, "विंचूर? मग तिकडे विंचू फार असतील!" आपण हसतो, सरदार विंचूरकरांच्या वाड्याचे, कांद्याच्या बाजाराचे, वाईन पार्कचे सांगून विषय बदलतो. पण स्मरणिकेसाठी सोसायटीची पंचवीस वर्षांची इतिवृत्ते चाळायला घेतली तेव्हा लक्षात आले, की पार्किंग आणि मेंटेनन्सच्या खालोखाल आपल्या सभांचा सर्वांत जास्त वेळ याच मंडळींनी खाल्ला आहे. झुरळे, डास, उंदीर, वाळवी. प्रत्येक सभेत तक्रार, प्रत्येक सभेत ठराव, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच तक्रार. असे का होते, याचे उत्तर इतिवृत्तांत सापडेना म्हणून जरा मागे गेलो. जे हाती लागले ते इथे मांडतो.

जुन्या घराची शिस्त

आपल्या आज्या-पणज्यांना पेस्ट कंट्रोल हा शब्द माहीत नव्हता, पण काम वर्षभर चालायचे. धान्य शेणाने लिंपलेल्या कणगीत किंवा जमिनीतल्या पेवात. पेव नीट बंद केले की आतली हवा संपते आणि कीड गुदमरते, हे विज्ञान कोणी शिकवले नव्हते. गहू भरण्याआधी वैशाखाच्या उन्हात तापवायचा, त्यात कडुनिंबाचा पाला घालायचा. कडधान्याला राख किंवा एरंडेल तेल चोळायचे. कपड्यांत आणि पोथ्यांत वेखंड ठेवायचे. गोठ्यात संध्याकाळी कडुनिंबाची धुरी. दिवाळीआधी भिंतींना चुना, जमिनीला सारवण. सारवणाने भेगा बुजायच्या, आणि भेग बुजली की किड्याचे घर गेले.

हे सगळे खरे असले तरी जुने ते सगळे सोने म्हणायला मी तयार नाही. त्याच घरांत बाजेत ढेकूण होते, घोंगडीत पिसवा होत्या आणि माळवदात उंदीर होते. त्याची किंमत आपल्या लोकांनी फार मोठी मोजली.

उंदीर पडला की गाव सोडायचे

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगास यांना प्लेगचे रुग्ण आढळले. मांडवी म्हणजे धान्याच्या गोदामांचा भाग. तिथून रोग बंदराने आणि रेल्वेने पसरत गेला. पुढच्या दोन-अडीच दशकांत देशभरात जवळजवळ एक कोटी माणसे त्यात गेली. आपला नाशिक जिल्हाही सुटला नाही. भगूरचे दामोदरपंत सावरकर, म्हणजे स्वातंत्र्यवीरांचे वडील, १८९९ साली प्लेगनेच गेले. पुण्यात रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या.

सरकारने १८९७ मध्ये साथरोग कायदा केला आणि घरे तपासायला सुरुवात केली. सोजीर घरात शिरत, सामान बाहेर फेकत, माणसे वेगळ्या छावणीत नेत. लोक इतके संतापले, की पुण्यात २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड याला गोळ्या घातल्या. भीतीपोटी लोक आजारी माणूस लपवू लागले आणि रोग आणखी पसरला. गंमत अशी, की एवढा बंदोबस्त माणसांवर चालू असताना खरा वाहक कोणाच्या लक्षात आला नव्हता. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिले, की मेलेल्या उंदराच्या अंगावरची पिसू माणसाला चावते आणि रोग देते. कोणी मानेना. १९०५ नंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेतून पुन्हा तपास झाला, तेव्हा कुठे ते सर्वमान्य झाले.

खेड्यातल्या माणसाला मात्र शास्त्र माहीत नसताना एक खूण ठाऊक झाली होती. घरात उंदीर पडला, की गाव सोडायचे. लोक शेतात झोपड्या घालून महिनोन् महिने राहायचे. यात एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. गाव सोडायचे ते सगळ्यांनी मिळून. चार घरे मागे राहिली तर उपयोग नसे.

आणि हे फार जुने झाले असे कोणी समजू नये. १९९३ च्या भूकंपानंतर बीड जिल्ह्यातल्या मामला गावी लोक भीतीने बाहेर राहायला गेले, धान्य जुन्या घरांत राहिले आणि उंदीर माजले. १९९४ च्या ऑगस्टमध्ये तिथे प्लेगचे संशयित रुग्ण आढळले. सप्टेंबरात सुरत रिकामे झाले. आपल्यातल्या पन्नाशीच्या पुढच्यांना तेव्हाचे तोंडाला बांधलेले रुमाल आठवत असतील.

पांढऱ्या पावडरीचे दिवस

दुसरा धडा डासांचा. स्वातंत्र्याच्या वेळी देशात दरवर्षी अंदाजे साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा आणि आठ लाख माणसे मरायची. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. खाकी कपड्यांतले फवारणीवाले पंप घेऊन गावोगाव आले, घराच्या आतल्या भिंतींवर डीडीटी मारू लागले आणि दारावर तारीख लिहून जाऊ लागले. परिणाम थक्क करणारा होता. १९६० च्या दशकाच्या मध्यावर रुग्णसंख्या लाखाच्या आसपास आली. हिवताप संपला, असेच सगळ्यांना वाटले.

१९७६ मध्ये तोच आकडा ६४ लाखांवर गेला होता.

काय झाले? डास डीडीटीला सरावले. पैसा आणि लक्ष, दोन्ही कमी झाले. आणि घराघरांत आणखी एक गोष्ट झाली, ती मला फार आपल्यातली वाटते. सुरुवातीला लोक फवारणीवाल्यांचे स्वागत करायचे, कारण डासांबरोबर ढेकूणही मरायचे. काही वर्षांत ढेकणांवर औषध चालेना. मग लोक म्हणू लागले, "या औषधाने काही होत नाही, उलट भिंती खराब होतात." दारे बंद होऊ लागली. ज्यांनी फवारू दिले, त्यांनी सणाला भिंत सारवून किंवा चुना लावून औषध झाकून टाकले. एका औषधावर सगळा भार टाकला आणि रोजचे काम सुटले, की काय होते ते यात आहे.

शेतातली बाटली घरात

त्यानंतरचे वळण आपल्या भागाला जास्त लागू पडते. द्राक्ष आणि कांदा म्हटले की फवारणी आली. घरात औषधाची बाटली असतेच. मग ढेकणावर तेच, मुंग्यांवर तेच, धान्यातही तेच. बीएचसीची पावडर कितीतरी घरांत उंबऱ्यावर टाकलेली असायची. ती पावडर १ एप्रिल १९९७ पासून देशात बंद झाली. डीडीटी शेतीसाठी १९८९ मध्येच बंद झाली होती. केरळात १९५८ साली कीटकनाशक मिसळलेल्या अन्नाने शंभरावर माणसे मेली, त्यानंतरच्या चौकशीतून १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. म्हणजे प्रत्येक नियमामागे कोणाचे तरी मरण आहे.

सर्वांत भीती वाटते ती धान्यात ठेवायच्या गोळ्यांची, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाईडची. ओलावा लागला की त्यातून फॉस्फीन वायू सुटतो. हवाबंद गोदामात जाणकाराने वापरायची ही वस्तू आहे आणि तिच्या विक्रीवर बंधने आहेत. तरी ती कोणाकडून तरी मिळते आणि फ्लॅटमध्ये ठेवली जाते. वायू भिंतीच्या फटीतून, डक्टमधून शेजारी जातो. ज्याने गोळी ठेवली तो गावाला गेलेला आणि शेजारचे लेकरू दगावले, अशा बातम्या आपण वाचल्या आहेत. सभासदांना हात जोडून विनंती : या गोळ्या आपल्या इमारतीत नकोत. डब्यातल्या धान्याला ऊन, कडुनिंब आणि घट्ट झाकण पुरते.

फ्लॅटमधले कोकण

विंचूरची हवा काही कोकणासारखी बारमाही दमट नाही. उन्हाळा कोरडा, आणि थंडीत निफाडचा पारा राज्यभर बातमीत असतो. मग बाराही महिने झुरळे कशी? कारण घराच्या आत आपणच कोकण तयार केले आहे. ओले बाथरूम, सिंकखालची गळती, फ्रिजच्या मागची ऊब, बंद डक्ट. बाहेर काहीही ऋतू असो, झुरळाला आत कायम श्रावणच.

ते लहान, फिकट तपकिरी, पाठीवर दोन काळ्या रेघांचे झुरळ पुठ्ठ्याच्या खोक्यातून येते. मादी तीस-चाळीस अंड्यांची पिशवी अंगाला घेऊन फिरते. आपल्याकडे बरीच वर्षे प्रत्येक जण आपापल्या घरात स्प्रे मारायचा. वासाने झुरळे पळायची, पाइपाच्या फटीतून शेजारी जायची आणि आठवड्याने परत यायची. एका वर्षी तर स्वस्त दरात सगळी इमारत करून देतो म्हणणाऱ्या एका ठेकेदाराने नुसता वास मारून पैसे नेले. फरक पडला तो सगळ्या घरांत एकाच दिवशी जेल लावले, चेंबर साफ केले आणि पाइपाभोवतीच्या फटी सिमेंटने बुजवल्या तेव्हा. जेल खाल्लेले झुरळ फटीत जाऊन मरते आणि त्याला खाणारी दुसरीही मरतात. पाहुण्याच्या विंचवाचे उत्तरही यातच आहे : विंचू किडे आणि झुरळांच्या मागावर घरात येतो. झुरळे कमी, तर विंचूही कमी. तरी चावलाच, तर मंत्र-तंत्र न करता दवाखाना गाठावा. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरून असंख्य जीव वाचवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

डासाची गोष्टही बदलली आहे. २००६ मध्ये चिकुनगुनियाची लाट आली, देशात सुमारे १४ लाख संशयित रुग्ण झाले आणि महाराष्ट्रालाही मोठा तडाखा बसला. सांधे धरलेली माणसे जिना चढताना कशी कण्हत होती, ते आठवून पाहा. पाठोपाठ डेंग्यू नेहमीचाच झाला. हा पट्ट्यापट्ट्यांचा डास गटारात वाढत नाही. तो आपल्या स्वच्छ पाण्यात वाढतो : ड्रम, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, गच्चीवरचे टायर. चावतो दिवसा आणि फार लांब उडत नाही. म्हणजे मला चावलेला डास बहुतेक आपल्याच आवारात जन्मलेला असतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. भांडे नुसते ओतून चालत नाही, घासावे लागते, कारण कडेला चिकटलेली अंडी कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात.

कांदाचाळीचा धडा

हे सगळे शिकायला आपल्याला दूर जायची गरज नाही. कांदाचाळ पाहा. खालून हवा, बाजूने हवा, पाणी कुठे साचू नये, सडका कांदा दिसला की लगेच बाहेर. एक सडका ठेवला तर ढीग जातो. शेजारच्या लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचे विकिरण केंद्र २००२ मध्ये सुरू झाले, ते कांद्याला मोड येऊ नये म्हणून. त्याच केंद्रात २००७ मध्ये आंब्यावर प्रक्रिया झाली आणि अठरा वर्षांनी भारतीय आंबा अमेरिकेत गेला. त्यांची भीती कसली? कोयीत लपलेल्या भुंग्याची आणि फळमाशीची. एका पेटीतली कीड ही साऱ्या देशाची अडचण असते, हे त्यांना कळले होते. एका फ्लॅटमधली कीड ही साऱ्या इमारतीची अडचण असते, एवढे आपल्याला कळले तरी पुरे.

म्हणून रौप्यमहोत्सवी वर्षात माझी साधी सूचना आहे. मार्च-एप्रिलमध्ये धान्य उन्हात आणि वाळवीसाठी पाया, मीटर रूम, चौकटींची पाहणी. मृगाआधी गच्ची, पन्हळी, टाक्यांची झाकणे. पावसाळाभर दर शुक्रवारी कोरडा दिवस, सगळ्या घरांत. दिवाळीच्या सफाईत एकाच दिवशी जेल. शेतातले पीक निघाले की उंदीर वस्तीकडे वळतात, तेव्हा डक्टच्या जाळ्या आणि कचऱ्याची झाकणे. खर्च मेंटेनन्समधून, म्हणजे कोणाला "माझ्याकडे नाहीत" म्हणायची सोय नाही. मात्र दार ठोठावणाऱ्याने रँडसाहेबासारखे वागू नये. आदल्या दिवशी सांगावे, औषधाचे नाव लिहून द्यावे, घरात बाळ, बाळंतीण किंवा दम्याचा रुग्ण आहे का ते विचारावे.

कीड कायमची संपणार नाही. सव्वाशे वर्षांत कोणालाच ते जमले नाही. पण तिला आपल्या घरात थारा द्यायचा की नाही, हे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे, आणि ते हात सगळ्यांचे मिळून लागतात. पुढच्या पंचवीस वर्षांच्या इतिवृत्तांत हा विषय थोडा कमी यावा, ही इच्छा.